हाडांचं ऐकायचं की हृदयाचं? (कॅल्शियम, तेल, मीठ आणि व्यायाम)

वरणफळ

नमस्कार मंडळी,

काथ्याकूटच म्हणा हवं तर. आमच्या घरात सध्या दोन फायली आहेत. एक आईची, वय ६४. डेक्सा स्कॅनमध्ये (हाडांची घनता मोजणारी तपासणी) कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाच्या तुलनेतला घनतेचा आकडा, उणे २.६ आला, खुब्याचा उणे २.१. दुसरी बाबांची, वय ६९. मागच्या वर्षी स्टेंट बसला, बीपीसाठी टेल्मिसार्टन चालू. स्वयंपाकघर मात्र एकच.

आईला कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्यात. तिच्या भिशीतल्या मैत्रिणीने कायप्पावर (व्हॉट्सॲपवर) आलेलं काहीतरी दाखवलं की या गोळ्यांनी रक्तवाहिन्या चोंदतात, तेव्हापासून पाकीट फ्रीजवर पडून आहे. बाबांनी रिफाइंड तेल हद्दपार करून घाण्यावरचं शेंगदाणा तेल आणलंय आणि ते औषध असल्यासारखं सढळ हाताने घेतात. वर सैंधव. आई रोज संध्याकाळी सोसायटीत फेऱ्या मारते आणि 'माझा व्यायाम झाला' म्हणते.

डॉक्टरांना विचारणारच आहोत, पण ओपीडीत पाच मिनिटं मिळतात. इथे जाणकार आहेत. हाडांना चालेल ते हृदयाला चालतं का? तेल कोणतं? चालणं पुरतं का?

ओव्याची पुरी

आमच्या आजेसासूबाई गव्हाच्या दाण्याएवढा चुना ताकातून घ्यायच्या. ९० वर्षं जगल्या, शेवटपर्यंत काठी नव्हती. एवढंच सांगायचं होतं.

अस्थिपंजर

ओव्याची पुरी, आजेसासूबाईंना नमस्कार. पण श्रेय चुन्याला देऊ नका. गव्हाच्या दाण्याएवढ्या ओल्या चुन्यात कॅल्शियम वीस-पंचवीस मिग्रॅच्या वर जात नाही. दोन घोट दुधात तेवढं असतं. बाईंनी आयुष्यभर जातं ओढलं असेल, विहिरीचं पाणी भरलं असेल, ते काठी न लागण्याचं जास्त पटणारं कारण आहे. चुना कमी-जास्त झाला तर तोंड आणि अन्ननलिका भाजते, ते वेगळंच.

वरणफळ, मी याच धंद्यात आहे, पण रुग्ण समोर नसताना औषध सांगत नाही. ढोबळ सांगतो.

टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं विरळ आणि ठिसूळ होणं. तुमच्या आईच्या मणक्यांनी ती रेघ ओलांडलीय. इथे नुसतं कॅल्शियम हा उपचार नाही, ते औषधाच्या सोबतीला लागतं. हाडांची झीज थांबवणारी आठवड्याला एक अशी गोळी डॉक्टरांनी सुचवली असेल तर ती टाळू नका. फक्त घ्यायची रीत पाळा: सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर, नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही आणि चहासुद्धा नाही. निम्म्या बायका ती चहाबरोबर घेतात आणि मग पित्त झालं म्हणून सोडतात.

आता 'चोंदण्या'बद्दल. ही अफवा हवेतून आलेली नाही. २०१० मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या संशोधकांनी जुन्या चाचण्या एकत्र करून दाखवलं की कॅल्शियमच्या गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके साधारण ३० टक्के जास्त होते. खळबळ माजली. पुढच्या विश्लेषणांत ते सगळ्यांना दिसलं नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या अस्थिविकार आणि हृदयविकार प्रतिबंध अशा दोन्ही बाजूंच्या संस्थांनी मिळून सांगितलं की अन्न आणि गोळ्या धरून दिवसाला २,००० ते २,५०० मिग्रॅच्या आत राहिलात तर हृदयाला धोका दिसत नाही. वाद पूर्ण मिटलाय असं नाही. पण अन्नातल्या कॅल्शियमवर हा आरोप कोणीच सिद्ध केलेला नाही. गोळी एकदम रक्तात कॅल्शियम चढवते, ताक-भाकरी हळूहळू देते, असं त्याचं एक स्पष्टीकरण देतात.

म्हणून मी आधी ताट विचारतो. रजोनिवृत्तीनंतर दिवसाला १,२०० मिग्रॅ लागतं असं हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था सांगते. ताटातून ७०० येत असेल तर ५०० ची गोळी. हजाराची गोळी लिहायचं कारण मला कधी कळलेलं नाही, कारण एका वेळी ५०० च्या वर शरीर नीट शोषतच नाही.

तळकोकणी

डॉक्टर, ताट विचारलंत म्हणून. नाचणीची एक भाकरी, पीठ साठ ग्रॅम धरा, त्यात दोनशे मिग्रॅ कॅल्शियम. वर मूठभर मांदेली (छोटे मासे) काट्यांसकट कुरकुरीत. तारल्यांचं, पेडव्यांचं तिखलं केलंत तर काटे मऊ होतात, ते चावून खायचे. त्याच तारलीत आणि बांगड्यात ओमेगा-३ ही हृदयाला चांगली चरबी पण, म्हणजे बाबांचंही काम झालं. हाड आणि हृदय एकाच तव्यावर!

पण शहरातल्या हॉटेलातला बांगडा म्हणजे रवा लावून, तळून तळून काळ्या झालेल्या तेलात. तो या हिशेबात धरू नका.

ओव्याची पुरी

आम्ही शाकाहारी आहोत. तीळ चालतील ना? १०० ग्रॅमला हजाराच्या वर कॅल्शियम वाचलंय. पालकातही भरपूर असतं म्हणे.

विदाप्रेमी

तक्त्यातला आकडा आणि हाडापर्यंत पोचणारा आकडा यांत फरक आहे. पालकातलं कॅल्शियम ऑक्झलेट नावाच्या घटकाला चिकटलेलं असतं, ते सुटून शोषलं जात नाही. दुधातलं साधारण ३० टक्के शोषलं जातं, पालकातलं ५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे पालक पनीरमध्ये कॅल्शियमसाठी मोजायचं ते पनीर. बिनसोललेल्या तिळाचंही असंच, बरंचसं कॅल्शियम सालीतल्या ऑक्झलेटमध्ये अडकलेलं. शिवाय १०० ग्रॅम तीळ कोण खातं? चमचाभर चटणीत १०० ते १३० मिग्रॅ कागदावर, प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी. तीळ खा, चांगलेच आहेत, पण त्यांच्या भरवशावर दूध-दही सोडू नका.

नाचणीला फायटेटचा (धान्यातला, खनिजं धरून ठेवणारा घटक) अडथळा असतो, तो मोड आणले की कमी होतो. मात्र बाळासाठी करतात तसं सत्त्व वस्त्रगाळ करून चोथा टाकलात तर सालीबरोबर खनिजांचाही मोठा वाटा जातो. मोठ्या माणसाने गाळायचं कशाला? मोड आणा, वाळवा, दळा, अख्खंच खा.

टेक्सासकर

इथे माझ्या सगळ्या मैत्रिणी डी३ अधिक के२ जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतात. इथल्याच 'वायटल' चाचणीत २५ हजारांवर लोकांना रोज २,००० युनिट डी जीवनसत्त्व दिलं होतं. २०१८ ला निकाल आला, हृदयविकार कमी झाला नाही. २०२२ ला हाडांचा निकाल आला, फ्रॅक्चरही कमी झाली नाहीत. अर्थात ती माणसं सर्वसाधारण निरोगी होती, डी फारसं कमी नसलेली. भारतात ज्याची पातळी खरंच तळाला गेलीय त्याला हे लागू नाही.

त्याआधी २००६ ची बायकांवरची मोठी चाचणी, ३६ हजार जणी, कॅल्शियम आणि डी दोन्ही देऊन. खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये घट किरकोळ आणि मूतखडे मात्र १७ टक्के जास्त. काकूंना खड्यांचा त्रास असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

अस्थिपंजर

टेक्सासकर, सहमत. त्यात आपल्याकडची एक भर. ६०,००० युनिटच्या डीच्या पुड्या आठवड्याला एक, अशा ठरावीक आठवड्यांसाठी लिहितात. पुढे कोणी थांबवतच नाही. दुकानातून परस्पर आणून लोक वर्षानुवर्षं घेतात आणि रक्तातलं कॅल्शियम वाढून ओकाऱ्या, गोंधळलेपणा अशी लक्षणं घेऊन येतात. काही जण रोज एक घेतात!

के२ चं म्हणाल तर पुरावा अजून कच्चा. पण हृदयाची झडप बदललेली असेल आणि वॉरफरीन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असेल तर के असलेलं काहीही मनाने सुरू करायचं नाही. हृदय आणि हाडं दोन्हींचे रुग्ण असलेल्या घरात एकाची गोळी दुसऱ्याने घ्यायची नाही, हा नियम कागदावर लिहून फ्रीजला चिकटवा.

हुरडापार्टी

तेलावर कोणीच येईना म्हणून मी येतो. आम्ही मराठवाड्याचे. वडलांच्या पिढीला डॉक्टरच सांगायचे, करडईचं तेल खा, हृदयाला चांगलं. जाहिरातीही तशाच. आता म्हणतात घाण्याचं शेंगदाणा, कोणी म्हणतं तूप, कोणी म्हणतं खोबरेल. दर दहा वर्षांनी तेल बदलतं. आमच्या करडईचं काय चुकलं?

विदाप्रेमी

हुरडापार्टी, करडईची गोष्ट या सगळ्या प्रकरणात सर्वात रंजक आहे.

साध्या करडईच्या तेलात ७५ टक्क्यांच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, म्हणजे ओमेगा-६. एलडीएल, म्हणजे 'वाईट' कोलेस्टेरॉल त्याने नक्की उतरतं. १९६६ ते १९७३ या काळात ऑस्ट्रेलियात सिडनीला एक चाचणी झाली. नुकताच हृदयविकार होऊन गेलेले ४५८ पुरुष घेतले. एका गटाला लोण्या-चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचंच मार्गारिन (तेलापासून केलेलं नकली लोणी) दिलं, दुसऱ्याला खाणं बदलायला सांगितलं नाही. मृत्यूंच्या कारणांची सगळी माहिती तेव्हा छापलीच गेली नव्हती. ती जुनी नोंद शोधून २०१३ मध्ये पुन्हा मोजदाद झाली तेव्हा दिसलं की करडई गटात १७.६ टक्के माणसं गेली होती, दुसऱ्या गटात ११.८. कोलेस्टेरॉल मात्र करडईवाल्यांचंच उतरलं होतं.

यावरून 'बियांची तेलं विष आहेत' असा एक पंथच जालावर निघालाय. तो मला पटत नाही. एक तर चाचणी लहान. दुसरं, त्या काळच्या मार्गारिनमध्ये ट्रान्स फॅट (तेल घट्ट करताना तयार होणारी, हृदयाला घातक चरबी) असण्याची दाट शक्यता, म्हणजे दोष करडईचा की डब्याचा हे सांगता येत नाही. तिसरं, बाकीच्या चाचण्या एकत्र पाहिल्या तर लोणी-पामतेलासारखी संपृक्त चरबी काढून तिच्या जागी द्रव वनस्पती तेलं घातली की हृदयविकार कमी होतो, हेच दिसतं. सिडनीच्या चाचणीतून मी घेतो ते इतकंच: एकाच तेलाची भक्ती करू नये आणि कोलेस्टेरॉल उतरलं म्हणजे माणूस वाचलाच असं धरू नये.

हुरडापार्टी

म्हणजे करडई निर्दोष सुटली की संशयाचा फायदा मिळाला?

विदाप्रेमी

संशयाचा फायदा. :)

वऱ्हाडी ठेचा

संशयाचा फायदा देता तर आमच्या जवसालेही द्या. विदर्भात जवसाचं तेल पूर्वी खाण्यात होतंच. त्यात निम्म्याहून जास्त ओमेगा-३, शाकाहारी लोकाईले दुसरीकडं एवढं भेटत नाही. पण तेल गरम करू नका, आणि मोठी बाटली आणू नका, लवकर खवट होते. त्यापेक्षा जवस भाजून लसूण-तिखट घालून चटणी करा, थोडी थोडी. अख्खे जवस गिळले तर जसेच्या तसे बाहेर पडतात, कुटलेच पाहिजे.

विदाप्रेमी

+१. एकच पुरवणी: जवसातलं ओमेगा-३ आणि माशातलं ओमेगा-३ एक नव्हे. जवसातल्याचा अगदी थोडा भाग शरीर माशातल्या प्रकारात बदलू शकतं. तरी चटणी उत्तमच.

मीठभाकर

वरणफळ, घाण्याच्या तेलाबद्दल स्पष्ट बोलते. रिफाइंड शेंगदाणा आणि घाण्याचा शेंगदाणा यांतली स्निग्धाम्लं तीच. घाण्याच्या तेलात वास, चव, थोडं ई जीवनसत्त्व जास्त टिकतं. उष्मांक तेच, ग्रॅमला नऊ. लाकडी घाण्याचं म्हणून दुप्पट ओतलं तर पोटावर दिसणारच. माणशी महिन्याला अर्धा ते पाऊण लिटर, यात फोडणी, तळण, चटणीवरचं कच्चं तेल, सगळं आलं. महिन्याच्या पहिल्या तारखेला वेगळ्या बरणीत काढून ठेवा, कुठे जातं ते आठवड्याभरात कळतं. आमच्याकडे निम्मं कांदेपोह्यांत जात होतं.

खोबरेलवाल्यांनी रागावू नये, पण १६ चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०२०) इतर वनस्पती तेलांच्या तुलनेत खोबरेलाने एलडीएल सुमारे १० अंकांनी वाढलेलं दिसलं. स्टेंटवाल्या माणसाने ते रोजचं तेल करू नये. सोलकढी वेगळी, ती वाटीभर पितो आपण.

खरा शत्रू वनस्पती तूप होता. २०२२ पासून भारतात तेला-तुपात ट्रान्स फॅट २ टक्क्यांच्या वर ठेवायला बंदी आहे. त्यामुळे आता चिंता डब्यापेक्षा कढईची. भजी-वड्याच्या गाडीवर तेच तेल दिवसभर उकळतं, कमी झालं की वरून नवं ओततात.

आणि माझ्या नावाचा विषय. मीठ हा एकमेव पदार्थ आहे जो तुमच्या आईबाबा दोघांनाही एकदमच नडतो. बाबांचं बीपी वाढवतो हे माहीत आहे. पण मूत्रपिंड सोडियम बाहेर टाकतं तेव्हा बरोबर कॅल्शियमही जातं. साधारण सहा ग्रॅम मिठामागे ४० मिग्रॅ कॅल्शियम लघवीतून. ऐकायला थोडं, पण शोषलं जाणारं कॅल्शियमच दिवसाला दोन-तीनशे मिग्रॅ असतं, त्यातलं ते आहे. सैंधव म्हणजे ९७-९८ टक्के सोडियम क्लोराइडच. गुलाबी रंग लोहाचा, पण त्यासाठी खायचं म्हटलं तर मूठभर मीठ खावं लागेल. वर त्यात आयोडीन घातलेलं नसतं. पापड, लोणचं, फरसाण, सुकट, टोस्ट-खारी यांत लपलेलं मीठ धरलंत तर दिवसाची पाच ग्रॅम मिठाची मर्यादा नाश्त्यालाच अर्धी संपते.

टेक्सासकर

कमी सोडियमचं मीठ वापरायचं मग? चीनमधल्या ६०० खेड्यांत २१ हजार लोकांवर प्रयोग झाला ना. मिठात चौथा हिस्सा पोटॅशियम क्लोराइड मिसळलं तर पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले.

अस्थिपंजर

प्रयोग उत्तम होता. पण वरणफळ यांचे बाबा टेल्मिसार्टनवर आहेत. त्या गटातली औषधं रक्तातलं पोटॅशियम वाढवतात. मूत्रपिंड थकलेलं असेल आणि वर पोटॅशियमचं मीठ, तर हृदयाचा ठेकाच चुकू शकतो. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळतं ते) आणि पोटॅशियम तपासा, मग डॉक्टरांना विचारून ठरवा. फळं-भाज्या-डाळींतलं पोटॅशियम मात्र मूत्रपिंड धड असेल तर खुशाल घ्या.

डबलडेकर

व्यायामाचा विषय निघाला म्हणून एक आवडती गोष्ट. लंडनच्या दुमजली बसवर दोन माणसं असायची, एक दिवसभर बसून चाकं फिरवणारा, दुसरा दिवसभर जिना चढ-उतार करत तिकिटं फाडणारा. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी दाखवलं की कंडक्टरांना हृदयविकार ड्रायव्हरांपेक्षा कमी होतो आणि झालाच तर उशिरा. एकच खातं, एकच शहर. व्यायाम आणि हृदय यांचा शास्त्रीय अभ्यास बराचसा तिथून सुरू झाला. पुढे असंही निघालं की ड्रायव्हर मंडळी भरती होतानाच कमरेला जाड होती! गणवेशाच्या मापांवरून पकडलं. तरी मूळ मुद्दा टिकला.

मुंबईच्या डबलडेकरच्या जिन्यावर आयुष्य गेलेली माणसं माझ्या घरात आहेत. गुडघ्यांची तक्रार सगळ्यांची, हृदयाची एकाचीही नाही. (हा विदा म्हणजे आकडेवारीचा पुरावा नाही, विदाप्रेमींनी शांत राहावं.)

जोरबैठक

चालणं हृदयाला उत्तम, हाडांना माफक. हाड नुसत्या हालचालीला नाही, भाराला उत्तर देतं. टेनिसपटूच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्यापेक्षा जाड असतं. अंतराळवीर अंतराळात भाररहित असतात तर महिन्याला एक ते दीड टक्का हाड गमावतात. पोहणं आणि सायकल हृदयासाठी मस्त, पण हाडाला त्यातून धक्का मिळत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या 'लिफ्टमोर' चाचणीत (२०१८) हाडं विरळ झालेल्या, रजोनिवृत्ती झालेल्या १०१ बायका होत्या. एका गटाने आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खरंखुरं जड वजन उचललं. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास ३ टक्के वाढली होती, हलका व्यायाम घरी करणाऱ्यांची सव्वा टक्का घटली. साठीच्या बायका बारबेल उचलतायत हे बघून आपल्याकडे अजून भुवया उंचावतात. शेतात याच वयाच्या बायका डोक्यावर भारे वाहतात तेव्हा कोणी बघत नाही.

पण थांबा, उद्याच आईला जिममध्ये नेऊ नका. उणे २.६ मणका असताना चुकीचा व्यायाम हाड मोडू शकतो. मेयो क्लिनिकच्या १९८४ च्या एका छोट्या अभ्यासात पुढे वाकायचे व्यायाम करणाऱ्या बायकांपैकी ८९ टक्के जणींच्या मणक्यात नवीन पिचणं दिसलं, पाठ मागे ताणणाऱ्यांत १६ टक्के. म्हणून पश्चिमोत्तानासन, पायाचे अंगठे धरणं, झटक्याने सूर्यनमस्कार, हे तूर्त बंद. खुर्चीतून हात न टेकवता उठणं-बसणं, भिंतीला जोर, टाचा उचलून धपकन टेकणं (कठड्याला धरून), पालथं झोपून छाती उचलणं, यापासून फिजिओथेरपिस्टच्या नजरेखाली सुरुवात. स्वयंपाक करताना ओट्याशी एका पायावर उभं राहायची सवय लावा, तोल सुधारला की पडणं टळतं.

बाबांनाही वजनाचे व्यायाम चालतात, हृदयाच्या डॉक्टरांनी हो म्हटल्यावर. श्वास रोखून जोर लावायचा नाही, उचलताना श्वास सोडायचा. बीपी तिथेच उडतं.

अस्थिपंजर

जोरबैठक यांच्या प्रत्येक ओळीला अनुमोदन. खुबा बहुधा घनतेने नाही, पडण्याने मोडतो. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री दिवा, वेळेवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया. आणि दारातली ती घसरणारी पायपुसणी आजच उचला.

वरणफळ

मंडळी, मनापासून आभार. वाचनखूण साठवली. आईला अख्खा धागा वाचून दाखवला. चुन्यावर ती नाराज झाली, कारण तिनेही तो गुपचूप सुरू केला होता! बाबा सैंधवावरून अजून वाद घालतायत, पण तेलाची बरणी वेगळी काढायला तयार झाले.

एक शंका राहिली. गोळीच्या पाकिटावर 'कॅल्शियम कार्बोनेट १,२५० मिग्रॅ' लिहिलंय. मग हे ५०० च्या वर नाही का गेलं? आणि आईला थायरॉइडची गोळीही आहे, सकाळची.

अस्थिपंजर

नाही गेलं. कार्बोनेटमध्ये शुद्ध कॅल्शियम ४० टक्के, म्हणजे १,२५० मध्ये बरोबर ५००. पाकिटावर बारीक अक्षरात तेही छापलेलं असतं. कार्बोनेटला पोटातलं आम्ल लागतं, म्हणून जेवणाबरोबर. थायरॉइडच्या गोळीपासून किमान चार तास दूर, नाहीतर ती गोळी वाया. लोहाची गोळीही त्याच वेळी नको. दुपारच्या जेवणात ठेवली तर सगळ्यांत सोयीची. आम्लपित्ताची गोळी कायम चालू असेल तर कार्बोनेट नीट शोषलं जात नाही, कॅल्शियम सायट्रेट बरं पडतं, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा.

वरणफळ

आम्लपित्ताची चालू आहे, रोज सकाळी! हे कोणीच विचारलं नव्हतं. सोमवारी जातो तेव्हा दोघांच्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालूनच नेतो.

ओव्याची पुरी

आणि त्या मोड आणलेल्या नाचणीच्या पिठाची भाकरी थापताना मोडते हो फार. कोणी सांगाल का?

तळकोकणी

पाणी चांगलं उकळून त्यात पीठ घाला, झाकण ठेवून वाफ द्या, मग गरम असतानाच मळा. मोडाच्या पिठाला चिकटपणा कमी, म्हणून सुरुवातीला पाव हिस्सा तांदळाचं पीठ घाला. थापायला पिठीऐवजी पाण्याचा हात.